पेंढ्याच्या जाळाचा माग

सोलच्या साम्गाक्जी भागात ‘मोंगतान’ नावाचं उपाहारगृह आहे. तिथे गाईच्या बरगड्या आधी पेंढ्याच्या धुरात शेकतात, मग टेबलावर भाजतात. पाहणाऱ्याला ही महानगराची नवी टूम वाटावी. पण मोंगतान हे नाव मूळचं दक्षिण जोल्ला प्रांतातल्या मुआन परगण्यातलं, आणि पेंढ्यावरचं मांस ही तिथली ओळख. म्हणून मी सोलच्या योंगसान स्थानकाहून मोक्पोकडे जाणारी केटीएक्स गाडी धरली. प्रवास अडीचएक तासांचा. इक्सानच्या आसपास होनाम प्रदेशाचं सपाट भातरान पसरलेलं दिसतं, आणि माझ्या मते उलगडा तिथेच आहे: या स्वयंपाकात जळणही जिन्नसच आहे, मिरचीइतकाच.

जुन्या कोरियन घरात ‘आगुंगी’ या चुलीवर बिडाच्या भांड्यात भात शिजे, आणि तिचाच धूर जमिनीखालच्या वाटांनी जाऊन खोली उबदार करी. विसाव्या शतकाच्या मध्याला, जळणासाठीच्या तोडीमुळेही, डोंगर बोडके झाले होते. १९७३ साली सरकारने वनीकरणाची दहा वर्षांची योजना हाती घेतली. शहरांत लाकडाची जागा भोकांच्या कोळसावड्यांनी घेतली. भाताच्या मुलखात मात्र सुगीनंतर पेंढा उरतच होता. त्याचा जाळ भडकतो आणि लगेच बसतो, म्हणून मुआनला डुकराचं मांस पातळ कापून, जाळीत धरून, ज्वाळेतून झटपट काढतात. मांसाचा काप किती जाड, हे जळणाने ठरवलं. आपल्या पोपटीचा मडक्याभोवतीचा जाळ ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

कुणी म्हणेल, डुकराच्या पोटाचं मांस घरोघरी भाजणं ही गेल्या काही दशकांतली गोष्ट. तिला परंपरा कसं म्हणायचं? पदार्थ नवा आहे, हे खरंच. जाळ जुना आहे, आणि माझा मुद्दा जाळाचा आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: गोचुजांग या मिरचीच्या आंबवलेल्या लगद्यात गोडवा असतो, उघड्या ज्वाळेत तो करपून कडू होतो, मग कोरियन चव आणि असा जाळ यांचं जमणार कसं? मुआनचं उत्तर मला फार समंजस वाटतं. मांस कोरंच भाजायचं. चव शेजारच्या वाट्यांत असते: तिथल्या प्रसिद्ध कांद्याची किमची, आणि चिखलपट्टीवरच्या बारक्या खेकड्यांची खारट चटणी. मसाल्यात मुरवलेल्या बरगड्यांना मात्र निखारेच हवेत.

आज शेतांत पेंढ्याचे पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेले गठ्ठे दिसतात. ते गुरांच्या चाऱ्यासाठी जातात, आणि भाजणाऱ्याला आपला पेंढा वेगळा मिळवावा लागतो.