इतर हक्क

आम्ही दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दोघेही बी.एड. एकाची नोकरी अनुदानित, दुसऱ्याची विनाअनुदानित तुकडीवर. म्हणजे घरात पगार दोन, पण भरवशाचा एकच. लग्नाला अकरा वर्षे झाली आणि या अकरा वर्षांत रत्नागिरीत आम्ही पाच घरे बदलली. घरमालक वाईट होते असे मुळीच नाही. एकाचा मुलगा कुवेतहून कायमचा परत आला, एकाच्या मुलीचे लग्न ठरले, एकाने घरच विकायला काढले. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा. बारावा महिना लागला की आमच्या पोटात गोळा येतो. आज आमच्या रेशनकार्डावर एक पत्ता आहे, आधारकार्डावर दुसरा आणि बँकेत तिसरा. राहतो ते चौथ्याच ठिकाणी.

त्यात आमची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची. आधीच्या शिक्षकांना मिळते तशी जुनी पेन्शन आम्हाला नाही. निवृत्तीनंतर भाडे कशातून भरायचे, हा प्रश्न पस्तिशीतच झोप उडवू लागला. म्हणून ठरवले, घर घ्यायचेच.

किनाऱ्यावरच्या आमच्या गावांत घराची किंमत गावात ठरत नाही. ती ठरते आखातात आणि मुंबईत. कोकणी मुसलमान पूर्वी जहाजांवर गेला, आफ्रिकेत गेला, पार केपटाऊनपर्यंत पोहोचला. १९७०नंतर आखाताची वाट मळली. तिकडून आलेल्या पहिल्या पैशात त्याने बांधले ते घर. जांभ्याच्या चिऱ्यावर कौले होती, तिथे स्लॅब पडला, पडवीला ग्रिल लागले. आज मोहल्ल्यातून मगरिबनंतर चालत गेले तर किती घरांत दिवा नाही हे सहज मोजता येते. कुलपे आहेत, घरपट्टी भरली जाते, एखादी म्हातारी शेजारीण आठवड्यातून एकदा केर काढते. पण ती घरे ना विकली जात ना भाड्याने दिली जात. मालक म्हणतो, "परत येऊ तेव्हा लागेल." त्याचेही खरे आहे. १९९०मध्ये कुवेतवरून आणि २०२०मध्ये कोरोनामुळे नेसत्या वस्त्रानिशी परतलेल्यांना त्याच घरांनी आसरा दिला.

आम्ही एजंटाकडे गेलो. त्याने आमचा पगार विचारला आणि मग गाडीची चावी पुन्हा खिशात टाकली. तरी त्याने चार-पाच जागा दाखवल्या. एका नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आवडला. बोलणी नीट चालली होती. टोकनची पावती करताना त्यांनी नाव विचारले. नाव ऐकून आतल्या खोलीत फोन झाला आणि तो फ्लॅट "कालच गेला" असे कळले. पुढच्या महिन्यात त्याच फ्लॅटच्या खिडकीवर "विकणे आहे" हा कागद तसाच चिकटलेला होता. आम्ही भांडलो नाही. शाळेत त्या घरची मुले आमच्या मुलांबरोबर तालुक्याच्या स्पर्धांना येतात, त्यांच्यासमोर तोंड कडू करून कसे चालेल, असे मनाला समजावले. खरे सांगायचे तर भांडायचे धैर्यही नव्हते.

मग मोहल्ल्यात शोधले. तिथे नाव आडवे येत नाही, पण किंमत येते. मशीद जवळ हवी, उर्दू शाळा जवळ हवी, आपली माणसे शेजारी हवीत असे प्रत्येकालाच वाटते. शिवाय बाहेरची दारे बंद झालेले सगळे तिथेच येतात. मग तेवढ्याच जागेला दर चढतो आणि घेणारा कागद मागायला कचरतो. एका लहान इमारतीत आम्ही भोगवटा प्रमाणपत्र मागितले तर विकणारे हाजीसाहेब दुखावले. "आपल्याच माणसावर विश्वास नाही का?" म्हणाले. विश्वास होता, पण बँकेला तो पुरत नाही. त्या निमित्ताने आम्ही बरेच काही शिकलो. रेराचा कायदा २०१६चा, पण पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचा किंवा आठपर्यंत सदनिकांचा प्रकल्प नोंदणीतून सुटतो. आमच्या ऐपतीच्या इमारती नेमक्या तेवढ्याच लहान. सांगितलेले क्षेत्रफळ आणि आतले चटईक्षेत्र यांत एका खोलीचा फरक पडतो. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी चाखून बघावे. गिलाव्यात खारी वाळू असेल तर दोन पावसाळ्यांत भिंतीला पांढरी बुरशी धरल्यासारखे मीठ फुटते आणि आतली सळई गंजते.

कर्जाचा प्रश्न निराळाच. व्याज घेणे-देणे मनाला पटत नाही आणि बिनव्याजी बँक आपल्या देशात नाही. रिझर्व्ह बँकेने इस्लामी बँकिंगचा विषय २०१७मध्ये बाजूला ठेवला. आमच्या ओळखीत व्याजाचे कर्ज काढून सुखात राहणारेही आहेत आणि ते नको म्हणून आयुष्यभर भाडे भरणारेही. आम्ही कोणालाच नावे ठेवत नाही. दागिने, साठवलेले पैसे आणि नातलगांकडून कर्जे-हसना असे मिळून सोळा लाखांपर्यंत जाऊ, असा हिशेब घातला. सोळा लाखांत रत्नागिरीत काय गावणार?

अशा वेळी चाचांचा फोन आला. खाडीकाठच्या आमच्या गावी दादांचे जुने घर आहे. सहा गुंठे जागा, चिऱ्याचे घर, विहीर, दोन फणस. दादा गेले, दादी गेल्या, आमचे अब्बाही गेले. बडे चाचा कुवेतला, धाकटे चाचा चिपळूणला. घर बंदच. चाचा म्हणाले, "बाहेरच्याला विकण्यापेक्षा तुम्हीच घ्या. चोवीस लाखांची मालमत्ता. तीन भावांचे आठ-आठ. तुमच्या अब्बांचे आठ तुमचेच. आम्हा दोघांचे सोळा द्या." शाळा बसने चाळीस मिनिटांवर. आम्हाला त्या रात्री झोप आली नाही, पण या वेळी आनंदाने.

सातबारा काढला. खाडी जवळ म्हणून भरतीरेषेपासूनचे अंतर बघितले. किनारा नियमनाची अधिसूचना १९९१ साली आली, ती २०११ आणि २०१९ साली बदलली, हे खाडीकाठी घर घेणाऱ्याने विसरू नये. ते सगळे ठीक निघाले. मग उताऱ्याच्या डाव्या बाजूला भोगवटादारांची नावे वाचली. बडे चाचा, आमचे अब्बा, धाकटे चाचा. उजवीकडे 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. सोसायटीचा बोजा, विहिरीचा हक्क, जाण्यायेण्याची वाट अशा गोष्टी तिथे लिहितात. त्या रकान्यात विहिरीच्या नोंदीखाली दोन नावे होती. आमच्या दोन फुफींची.

ज्या घरात त्या जन्मल्या त्या घराच्या कागदावर त्या बोजा आणि वाटेच्या रांगेत होत्या. पुष्कळ सातबाऱ्यांवर बहिणींची नावे अशीच उजवीकडे असतात, हे तलाठीभाऊंनी सांगितले. "दोघींच्या सह्या आणा, हक्कसोडपत्र करा, मोकळे व्हा," म्हणाले. चाचांना विचारले तर ते म्हणाले, "त्यांनी केव्हाच सोडलाय हक्क. लग्नात काय कमी दिले? आणि शेतजमिनीला शरियत कायदा लागूच नाही." कायद्याचे ते अर्धे खरे आहे. १९३७च्या शरियत कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमीन वगळलेली आहे. पण सूरह निसामध्ये ती वगळलेली नाही.

मोठ्या फुफी हयात नाहीत, त्यांची मुले खेडला असतात. धाकट्या फुफीही खेडलाच. वय अठ्ठ्याहत्तर. आम्ही हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊनच गेलो होतो, हे लपवत नाही. फुफींनी सांदण केले होते. घराची गोष्ट निघाली तशी त्या खुलल्या. विहीर खणताना माती उचलायला त्या आणि मोठ्या फुफी होत्या, तेव्हा धाकटे चाचा पाळण्यात होते. कागद पुढे केला तर म्हणाल्या, "ही माझी सही कशासाठी?" आम्ही समजावले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "जे माझ्या हातात कधी दिलंच नाही ते मी सोडू कशी? पहिलं माझं म्हणून लिहा. मग सोडायचं का ठेवायचं, मी ठरवीन."

आम्ही विचारले, "तेव्हा का नाही मागितला?"

"हिस्सा मागितला असता तर माहेर तुटलं असतं. ईदला यायला एक दार हवं होतं." आणि लगेच म्हणाल्या, "मला विचारायला आलात ते बरं केलंत. पण अब्बांच्या वाट्यात तुमच्या बहिणीचं नाव घातलंत का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. घातले नव्हते. ध्यानातच आले नव्हते. चाचांच्या "तुमचे आठ तुमचेच" या वाक्याने आम्ही खूश झालो होतो. त्यात आपा कुठे आहे आणि अम्मी कुठे आहेत, हे दोन बी.एड. शिक्षकांना सुचले नव्हते. उर्दूत भागाकाराला तकसीम म्हणतात आणि वाटणीलाही तकसीमच म्हणतात. आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर तकसीम शिकवतो.

परतताना बसमध्ये वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. तीन मुलगे, दोन मुली. मुलाचे दोन भाग, मुलीचा एक, एकूण आठ भाग. चोवीस लाखांचे भाग केले तर भागाला तीन लाख. चाचांना सहा-सहा, फुफींना तीन-तीन, त्यातले मोठ्या फुफींचे त्यांच्या मुलांना. अब्बांचे सहा. त्यात अम्मींचा आठवा हिस्सा पंचाहत्तर हजार. उरलेल्या सव्वापाच लाखांत आमचे साडेतीन आणि आपाचे पावणेदोन. आम्हाला द्यायचे होते साडेवीस लाख, सोळा नव्हे. साडेचार लाख वाढले. बस पूर्ण थांब्यावर लागेपर्यंत आम्ही दोघे गप्प होतो.

रात्री मुंब्र्याला आपाला फोन केला. मनात होते की ती म्हणेल, "मला काही नको, घर तुमचे होऊ दे." सगळ्या बहिणी असेच म्हणतात. आपा थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "घेईन मी. मुलीची फी भरायची आहे. आजवर कोणी विचारलं नव्हतं म्हणून बोलले नाही." फोन ठेवल्यावर आम्हाला वाईट वाटले, हे कबूल करतो. मग कशाचे वाईट वाटले याचीच लाज वाटली. अम्मींना सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "माझे राहू दे. पण मोजलेत हे चांगले."

चाचा रागावले. आठाचे सहा झाले म्हणून नव्हे, असे ते म्हणतात. "तुम्ही शिकलेले लोक घरातले बाहेर काढता." त्यांच्या जागी आम्ही असतो तर वेगळे बोललो असतो, असे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. फुफींच्या घरी जाईपर्यंत आम्हीही त्यांच्यासारखेच होतो.

एजंटाने मागे एकदा सुचवले होते की घर फक्त बाईच्या नावे घ्या, २०२१पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सवलतीसाठी बाईचे नाव घालायला आपण चटकन तयार होतो. तिचे जे आहेच, ते लिहायला मात्र पिढ्या जातात. आपल्या समाजात मुलीला हिस्सा चौदाशे वर्षांपूर्वी मिळाला असे आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. आपापल्या घरचा सातबारा उघडून उजवीकडचा रकाना वाचला तर तो अभिमान किती टिकतो ते प्रत्येकाने बघावे.

आम्ही वारसनोंदीचा अर्ज दिला. फेरफाराची नोटीस लागली. हरकतीची मुदत पंधरा दिवसांची. ते पंधरा दिवस आम्ही चाचांच्या फोनची वाट पाहत होतो. फोन आला नाही, हरकतही आली नाही. त्यांचे न बोलणे हाच त्यांचा होकार, असे आम्ही समजतो.

घर अजून आमचे झालेले नाही. साडेचार लाख उभे करायचे आहेत. या जूनमध्ये आम्ही भाड्याचा नवा करार केला, पुन्हा अकरा महिन्यांचा. पण नवा सातबारा घेऊन खेडला जाऊन आलो. फुफींना मराठी वाचता येत नाही, उर्दू येते. "कुठे आहे ते दाखवा," म्हणाल्या. डाव्या बाजूला बोट ठेवून दाखवले आणि त्यांनी मागितले म्हणून पेन्सिलीने खाली त्यांचे नाव उर्दूत लिहून दिले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि कागद घडी करून कुराणशरीफच्या फळीवर ठेवला. सोडायचे की ठेवायचे, ते त्यांनी अजून सांगितलेले नाही. आम्हीही विचारलेले नाही.