बिऱ्हाड त्रिनिदादला

त्रिनिदादला बिऱ्हाड हलवायचं ठरवलंत? मग पहिला सल्ला ऐका: उतरल्या उतरल्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. डोळे बेधडक सांगतील की सावंतवाडीला आलो. माड आहेत, केळी आहेत, नीरफणस आहे. फेब्रुवारीच्या उन्हात हिरव्यागार डोंगरावर पांगारा पेटलेला आहे! तिथे त्याला इमॉर्टेल म्हणतात. कोकोच्या झाडांना सावली मिळावी म्हणून लावलेला आपल्या पांगाऱ्याचा भाऊबंद. अंगणाअंगणात बांबूच्या काठ्यांवर तांबडे, पिवळे, पांढरे झेंडे फडफडतायत. एकेका पूजेचा एकेक झेंडा, तांबडा मारुतीचा. दारावर पाटी ‘महाराज’, शेजारी ‘मोहम्मद’. आणि ओसरीवरच्या काकू बोलायला लागल्या की तोंडून येते ती इंग्रजी. तीही अशी हेलकावे घेत की पहिले काही दिवस माझ्या कानाला निम्मीच सापडायची.

अख्खं बेट सिंधुदुर्ग जिल्ह्याहून जरासं लहान, ४,७६८ चौरस किलोमीटर. व्हेनेझुएला जवळच्या टोकापासून अवघा ११ किलोमीटर. आणि एवढ्याशा जागेत मंदिरं, मशिदी, चर्च, तेलविहिरी, दलदल आणि डांबराचं तळंसुद्धा!

माझा भाचा पॉइंट लिसासच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. तिथे नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि मिथेनॉल बनतं. पहिल्याच संध्याकाळी मी उत्साहाने ‘आपले लोक, आपले लोक’ करायला लागले, तसा तो म्हणाला, “मावशी, ते इथलेच आहेत. पाहुणे आपण आहोत.” खरंच होतं. ३० मे १८४५ला ‘फत्तेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन इथे लागलं. १९१७ पर्यंत उसाच्या मळ्यांसाठी सुमारे दीड लाख माणसं करारावर आली, बहुतेक भोजपुरी मुलखातली. आज त्यांची पाचवी-सहावी पिढी आहे. १४ लाखांच्या या देशात एक तृतीयांशाहून जास्त लोक त्यांचे वंशज, जवळपास तेवढेच आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे. त्यामुळे ३० मेची सुट्टी, गुलामगिरी संपल्याची १ ऑगस्टची सुट्टी, दिवाळीची आणि ईदचीही. शेजाऱ्याला ‘मूळचे कुठले?’ विचारलंत तर तो शांतपणे ‘प्रिन्सेस टाउन’ सांगेल, आणि उत्तर पूर्ण झालेलं असेल.

पण कानांचं काय करायचं? भाच्याच्या सहकाऱ्याच्या घरी लग्न होतं. गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि माझे पाय थबकले. ताशा! तासा म्हणतात ते. दोन ताशे, एक दणदणीत ढोल आणि पितळी झांज. वाजवणारे पोरगे शेकोटी पेटवून बसलेत, ताशाचं कातडं आगीवर धरून तापवतायत, बोटाने टिचकी मारून कान लावतायत, पुन्हा धरतायत. मग एकदम तडतडाट सुटतो, छातीच्या बरगड्या हलतात. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाला उभं राहणाऱ्या बाईला हा दणका नवा नाही, पण इथे ठेका मध्येच कूस बदलतो, कमरेत उतरतो, आणि नवऱ्या मुलाची आजी, साठी कधीच ओलांडलेली, साडीचा पदर खोचून गुडघ्यांपर्यंत वाकत नाचते! आपल्याकडे आजीला खुर्ची दिली असती.

मध्य त्रिनिदादमध्ये कारापिचायमाला ८५ फुटी मारुती उभा आहे. मान वर केली की टोपी पडते. त्याच्या पायाशी देऊळ कोणाचं, तर दत्ताचं! नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या माणसाने सातासमुद्रापार दत्तापुढे हात जोडावेत, म्हणजे कमालच. तिथून जवळच वॉटरलूला समुद्रात मंदिर आहे. शिवदास साधू नावाच्या मजुराने साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं, ते पाडलं गेलं, त्याला तुरुंगात टाकलं. मग तो म्हणाला, समुद्र तर कुणाच्या मालकीचा नाही ना? आणि वर्षानुवर्षं दगडमाती वाहून त्याने पाण्यात जागा केली. आज भरतीच्या वेळी लाटा त्या देवळाला तिन्ही बाजूंनी चाटतात.

आता स्वयंपाकघर. मिक्सर नेऊ नका. तिथली वीज ११५ व्होल्टची, आपला मिक्सर नुसता कण्हतो. डाळ म्हणजे बहुतेक पिवळी वाटाण्याची. तूरडाळीवाचून ज्यांचं पान हलत नाही त्यांनी मन आधीच तयार ठेवावं. बाजारात मात्र जीव रमतो. अळूच्या जुड्या आहेत, भेंडी आहे, कारली आहेत. अळू, भेंडी आणि नारळाचं दूध घोटून ‘कॅलालू’ करतात. फदफद्याच्या आशेने पहिला घास घेतला आणि दाताखाली आला खेकडा! दोन मिनिटांनी मी वाटी पुढे केली होती. सकाळी रस्त्याकडेला ‘डबल्स’: दोन मऊ पिवळे बारे, मध्ये रसदार छोले, चिंच, काकडी, कागदात गुंडाळून हातावर. खाताना कोपरापर्यंत ओघळ. विक्रेता विचारतो, तिखट किती? मान वर करून ‘स्लाइट’ म्हणा. लवंगी मिरची पचवल्याची ऐट इथे चालत नाही. याच बेटावरची मोरुगा स्कॉर्पियन २०१२मध्ये जगातली सर्वांत तिखट मिरची ठरली होती.

घर कामाजवळ घ्या. तेल-वायूचं काम असेल तर चाग्वानास किंवा सान फर्नांडो, कचेरी राजधानीत असेल तर पोर्ट ऑफ स्पेनच्या आसपास. नकाशावर अंतर बोटभर दिसतं, पण सकाळी हमरस्त्यावर गाड्यांची जी माळ लागते ती पाहून हिंजवडीचा माणूससुद्धा गहिवरेल. लोक पहाटे पाचला घर सोडतात. भाड्याच्या घराला पाण्याची मोठी टाकी आहे का, हे बेडरूमच्या आधी बघा, कारण बऱ्याच भागांत नळ ठरल्या दिवशीच येतो. रात्री कुठे जायचं नाही, हेही शेजाऱ्यालाच विचारा. गुन्हेगारीमुळे २०२४च्या ३० डिसेंबरला सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली होती. खिडक्यांना गज उगाच नाहीत. लष्करी ठिपक्यांचे कपडे मात्र इथेच कपाटात ठेवा. तिथे सामान्य माणसाने ते घालणं गुन्हा आहे, पोराची चड्डीसुद्धा!

नोकरीच्या कागदांचं थोडक्यात. परवान्यासाठी अर्ज नोकरी देणाराच करतो. नवऱ्याला मिळाला म्हणून बायकोला काम करता येत नाही, तिचा परवाना वेगळा. आणि पगार ठरवताना आकड्याइतकंच चलन महत्त्वाचं. अमेरिकी डॉलरचा तुटवडा असल्याने बँका तो मोजूनमापून देतात, त्यामुळे घरी पैसे पाठवायचे असतील तर पगाराचा काही भाग डॉलरमध्ये मागा. पीतज्वराची लस प्रवासाच्या १० दिवस आधी तरी घ्या. तिचा दाखला नसेल तर परतताना आपलंच सरकार सहा दिवस अलग ठेवू शकतं.

एवढी व्यवहाराची गोष्ट ऐकून कुणी म्हणेल, मग जायचं कशाला? त्याला मी एका संध्याकाळी कारोनीच्या दलदलीत नेईन. होडी खारफुटीतून हळूहळू सरकते. सूर्य उतरतो. आणि एकाएकी लाल पक्षी येतात. दहा, पन्नास, शेकडो! स्कार्लेट आयबिस. जास्वंदीहून लाल, कुंकवाहून लाल, बघता बघता हिरव्या बेटाचं झाड न् झाड लालेलाल.

आणि मग कार्निव्हल. त्याआधीच्या रात्री आम्ही वुडब्रुकमधल्या एका पॅनयार्डात गेलो. तेलाची पिंपं कापून, ठोकून, सूर लावून केलेली वाद्यं, शंभरावर माणसं, बहुतेकांपुढे स्वरलिपीचा कागद नाही. बँकेतली बाई आहे, शाळकरी पोरगा आहे, पांढऱ्या दाढीचे आजोबा आहेत. सगळं पाठ! सोमवारी पहाटे चारला रस्त्यावर ‘जुव्हे’: चिखल, रंग, चॉकलेट, अंगभर थापलेलं. आपली धुळवड अंघोळीने संपते, यांची तिथून सुरू होते. मंगळवारी पिसांचे मुकुट, मण्यांचे पोशाख, माणसांची नदी. गंमत म्हणजे हे दोन्ही दिवस सरकारी सुट्टीचे नाहीतच. कामावर मात्र जवळपास कुणी नसतं. भाच्याच्या साहेबाने आठवडाभर आधीच सांगितलं होतं, सोमवारी बैठक ठेवू नकोस, येणार कोण?

भाच्याचं एक बरं आहे, ओळख करून द्यायला त्याला गावसकर पुरतात. क्वीन्स पार्क ओव्हलवर १९७१मध्ये मुंबईच्या त्या पोराने पदार्पण केलं, वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं ते तिथेच. मालिकेत ७७४ धावा झाल्यावर लॉर्ड रिलेटर या कॅलिप्सो गायकाने त्याच्यावर गाणंच रचलं! ज्याने हरवलं त्याच्या नावाने गाणारी ही माणसं. त्यांच्यात राहायला जाणाऱ्याने ‘आपल्यासारखं’ किती आहे हे मोजत बसू नये. करार कितीही वर्षांचा असो, एक दिवाळी, एक पावसाळा आणि एक कार्निव्हल पुरतं अंगावर घ्या. तोवर बेटाबद्दल मत देऊ नका, आणि तोवर ताशाच्या जवळ फार वेळ उभेही राहू नका. आजी हात धरून नाचायला ओढतात.