तोंडचं पाणी

घाबरलेल्या माणसाच्या तोंडचं पाणी पळतं, असं आपण मराठीत म्हणतो. चिंच दिसली की तोंडाला पाणी सुटतं, असंही म्हणतो. पण त्या पाण्याचं खरं नाव घेतलं की नाक मुरडतो. लाळघोटेपणा, लाळ गाळणं, थुंकी झेलणं, या सगळ्या शिव्याच. जी गोष्ट दिवसाला अर्धा ते दीड लिटर तयार होते, घास गिळायला, बोलायला आणि दात शाबूत ठेवायला राबते, तिची भाषेत एवढीच इज्जत.

मला तिची किंमत अम्मीमुळे कळली.

अम्मी अकोल्याला माझ्या मोठ्या भावाकडे राहते, मी अमरावतीला. तिचं वय 68. शुगर आहे, बीपी आहे. मोहल्ल्यातल्या लहान मुलींना ती कित्येक वर्षांपासून अरबी पढवते. असरच्या नमाजनंतर चटईवर दहा-बारा मुली बसतात आणि अम्मी एकेक हरफ त्यांच्याकडून घोटून घेते. जीभ कुठे लावायची, आवाज घशातून कुठून काढायचा, हे ती स्वतः उच्चारून दाखवते. दोन वर्षांपूर्वी हा वर्ग आक्रसत गेला. अर्ध्या तासातच तिची जीभ टाळूला चिकटायची. आधी कोरडी भाकर सुटली, मग लोणचं, मग सगळ्यांसोबत दस्तरखानवर बसणंही. आपल्याला जेवायला वेळ लागतो, घोटाघोटाला पाणी लागतं, याची तिला लाज वाटायची.

घरात याचं उत्तर ठरलेलं होतं: उमर झाली. दुसरं उत्तर अकोल्याचं होतं: ऊन. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या गावात तोंड कोरडं पडलं तर नवल कसलं? त्यात आमचं मूळ गाव पूर्णेकाठचं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारट, ते कितीही प्यालं तरी तहान भागत नाही, ही तिथली पिढ्यान्पिढ्यांची तक्रार. कोरड्या तोंडाची तक्रार कुणाकडे घेऊन जायची असते, हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

अम्मी अमरावतीला आली ती दातांसाठी. दीड वर्षात पाच दात हिरडीलगत किडले होते. आमच्या घराजवळ एक जुना दातांचा दवाखाना आहे. डॉक्टर आणि आता त्यांची मुलगी, असे दोघं तो चालवतात. माझी अक्कलदाढ त्यांनीच काढली, माझ्या मुलाचे दुधाचे दातही. डॉक्टरांनी अम्मीच्या तोंडात छोटा आरसा घातला आणि तो गालाला आतून चिकटला. त्यांनी तो सोडवून काढला, पुन्हा लावला, पुन्हा चिकटला. जिभेखाली एरवी लाळेचं तळं असतं, तिथे थोडा फेस होता.

"अम्मी, तोंड केव्हापासून कोरडं राहते?"

"बेटा, रात को चार बार उठकर पानी पीती मैं."

"गोया कोणत्या चालू आहेत? समद्या चिठ्ठ्या आना. अकोल्याच्याही."

चिठ्ठ्या जमवल्या तेव्हा तीन डॉक्टरांच्या मिळून सात गोळ्या निघाल्या. बीपीची एक, जिच्याने लघवी जास्त होते. सर्दीसाठी सुरू झालेली आणि मग कधीच बंद न झालेली ॲलर्जीची एक. तळपायांची आग होते म्हणून रात्रीची एक. प्रत्येक गोळी आपल्या जागी बरोबर होती, पण या तिघी मिळून लाळ आटवत होत्या. शुगर वाढली की तोंड कोरडं पडतंच, ते आणखी वर. सातही गोळ्या एका टेबलावर मांडून बघणारा पहिला माणूस दातांचा डॉक्टर निघाला.

मग खिशातल्या पुडीचा विषय निघाला. तोंड ओलं राहावं म्हणून अम्मी दिवसभर खडीसाखर चघळायची. डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं. गोड खाल्लं की तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात. आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली, म्हणजे पीएच साधारण 5.5 च्या खाली आला, की दाताचं वरचं कवच विरघळू लागतं. लाळ हे आम्ल मारते आणि आपल्यातलं कॅल्शियम, फॉस्फेट देऊन दाताची झीज भरून काढते. लाळच नसेल तर हे काम करणारं कुणी उरत नाही. हिरड्या खाली सरकल्या की दाताचं मूळ उघडं पडतं. त्याला कवच नसतं, म्हणून कीड आधी तिथे लागते.

"पन गोई एकही सोताहून बंद करायची नाही," हे ते दोनदा बोलले. त्यांनी अम्मीच्या फिजिशियनना पत्र लिहून दिलं. ॲलर्जीची गोळी बंद झाली, रात्रीच्या गोळीचा डोस कमी झाला. डोळ्यांत कचरा गेल्यासारखं टोचतं का, सांधे दुखतात का, हेही त्यांनी विचारलं. स्योग्रेन नावाच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवरच उलटते, आणि तो पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो. अम्मीला तो नव्हता.

बाकीचा इलाज साधा आहे, फक्त रोज करायचा आहे. पाणी घटाघटा नाही, घोट घोट प्यायचं. खडीसाखरेऐवजी झायलिटॉलची, बिनसाखरेची गोळी चघळायची. ("इस उमर में च्युइंगम?" म्हणून अम्मीने च्युइंगम साफ नाकारलं.) भाकर सालनमध्ये नाहीतर वरणात कुस्करून खायची. अल्कोहोल असलेला माउथवॉश वापरायचा नाही. फ्लोराइडच्या पेस्टने दोनदा ब्रश, आणि दर तीन महिन्यांनी दवाखान्यात फ्लोराइडचा लेप. रात्रीसाठी कृत्रिम लाळेची जेल. कवळी असेल तर ती रात्री काढून ठेवायची. कवळीलाही लाळेचाच आधार असतो, आणि कोरड्या तोंडात बुरशी लवकर धरते.

रमजानचा प्रश्न उरलाच. 2018 आणि 2019 साली रमजान मे-जूनमध्ये आला होता. वऱ्हाडच्या उन्हात चौदा तासांहून मोठा रोजा. आता तो थंडीकडे सरकतो आहे. आजारी माणसाला शरीयतने रुखसत दिली आहे, हे अम्मीला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. मग तिने रोजे धरायचे की नाही, हे तिने आणि तिच्या फिजिशियनने बसून ठरवलं. दातांच्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की इफ्तारची खजूर कोरड्या तोंडात दाताला चिकटून बसते, वर लगेच चूळ भरा. इफ्तार ते सहरी पाणी थोडं थोडं पीत राहा. आणि सहरीनंतर ब्रश केल्याशिवाय झोपू नका.

त्या दवाखान्याच्या बाकावर मी बरेच तास काढले. तिथे विशी-पंचविशीतली पोरं दिसतात. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला खर्रा खाऊन तोंडाची आग होते म्हणून आलेली. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण खर्रा पानठेल्यावर डोळ्यांसमोर घोटून मिळतो. कोरड वाटली की खर्रा, त्याने तेवढ्यापुरती लाळ सुटते. सुपारीने मात्र गालांची आतली कातडी ताठ होत जाते आणि एक दिवस तोंडात दोन बोटंही जात नाहीत. पुढे काहींना कॅन्सर होतो, आणि जबड्यावर रेडिएशन घेतलं की लाळ पुष्कळदा कायमची आटते. अम्मीचं पाणी बऱ्यापैकी परत आलं, या पोरांचं येईलच असं नाही.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर अमरावतीत तपोवन-वडाळी भागात डेंटल कॉलेजचं रुग्णालय आहे, अकोल्याला सरकारी मेडिकल कॉलेज आहे. जाताना फक्त दात घेऊन जाऊ नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या उशाखालची, फ्रिजवरची, पर्समधली प्रत्येक गोळी एका पिशवीत भरून न्या. ते रात्री किती वेळा पाण्याला उठतात आणि दिवसभर तोंडात काय चघळतात, हेही जाण्याआधी विचारून घ्या. आपण विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत.

अम्मीचे दोन दात गेले, तीन वाचले. असरनंतरचा वर्ग आता पुन्हा पूर्ण तासाचा असतो. शेजारी पाण्याचा गिलास असतो, आणि तो रिकामा झाला की मुलीच भरून आणतात.