ओवर्स कॉर्नरची एक सकाळ

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त पापुआ न्यू गिनींतील पोर्ट मोर्स्बी येथें असतात. गेल्या वर्षीं त्यांच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला, तेव्हां एके सकाळीं आम्ही ओवर्स कॉर्नर पाहावयास गेलों. मोटारीचा रस्ता येथें संपतो. पुढें ओवेन स्टॅन्ली पर्वतांतून कोकोडापर्यंत सुमारें ९६ किलोमीटरांची केवळ पायवाट. निसरडा उतार व एकामागें एक उभ्या डोंगररांगा पाहूनच आमचे गुडघे कुरकुरूं लागले.

ह्या वाटेवर १९४२ सालीं ऑस्ट्रेलियाची ३९ वी पायदळ पलटण लढली. ती १९४१ च्या ऑक्टोबरांत व्हिक्टोरिया प्रांतांत उभारलेली, राखीव दलाची. कायद्यानें अशा दलास स्वदेश व त्याच्या अंकित मुलखाबाहेर धाडतां येत नसे. परंतु पापुआ तेव्हां ऑस्ट्रेलियाच्याच ताब्यांत होता. पुष्कळ शिपाई अठरा-एकोणीस वर्षांचे, शिक्षण अपुरें. परमुलखीं लढलेले शिपाई त्यांस 'चॉकोलेटचे सैनिक' म्हणत. ऊन लागतांच वितळणारे, हा त्यांतला टोमणा.

जुलैंत जपानी फौज उत्तर किनाऱ्यास उतरली. कोकोडा येथें पलटणीचे नायक कर्नल ओवेन धारातीर्थीं पडले. ऑगस्टांत राल्फ हॉनर यांनीं सूत्रें हातीं घेतलीं. हे गृहस्थ एके काळीं शाळामास्तर होते, हें ऐकून आम्हांस विशेष वाटलें. ईसुरावा येथें अर्धपोटीं, चिंब भिजलेल्या ह्या मुलांनीं, कुमक येईपर्यंत, कितीतरी मोठ्या सैन्यास थोपविलें. प्रकृति ढांसळल्यामुळें मागें धाडलेले कांहीं जण, सोबती संकटांत आहेत हें कळतांच, उलट पावलीं रणांत परतले. जखमींस खांद्यावरून डोंगर उतरविले ते पापुअन हमालांनीं. पुढें डिसेंबरांत गोना घेतांना हीच पलटण आघाडीस होती. मोहीम संपली तेव्हां रांगेंत उभे राहण्याजोगे अवघे ३२ उरले, आणि जुलै १९४३ मध्यें पलटणच मोडण्यांत आली.

परततांना बोमाना येथील युद्ध-दफनभूमींत उतरलों. तीन हजारांहून अधिक शिळा. हिरवळीवर ओळीनें, वर्गांत मुलें बसावीं तशा. कित्येकांवर वयें कोरलेलीं आहेत. तीं वाचीत असतां मनास एक गोष्ट टोंचूं लागली.

शिक्षकाच्या पेशांत आम्हींही कितीएक मुलांस 'ह्याच्या हातून कांहीं व्हावयाचें नाहीं' असा शेरा देऊन टाकला होता. त्यांतलाच एक, शेवटच्या बांकावरचा, परवांच्या आमच्या दुखण्यांत आठ रात्री उशाशीं बसून होता. आम्हीं त्यास त्या शेऱ्याविषयीं कधीं चकार शब्द काढला नव्हता.

त्या रात्रीं पोर्ट मोर्स्बीहून पहिलें पत्र त्यालाच लिहिलें.