कोंबडी आणि सुंगटं एकाच पातेल्यात

बार्सिलोना, रविवार

प्रिय बाय,

लेकीने गोव्याच्या हॉटेलात काढलेला ताटाचा फोटो मिळाला. एका अंगाला मांसाचा जाड तुकडा, दुसऱ्या अंगाला लोण्याने माखलेली शेवंड, मध्ये दोन भाजके बटाटे. वाढदिवसाला घरी असंच करू या म्हणून ती मागे लागलीय, आणि तू विचारतेस की घरच्या गॅसवर हे जमेल का. जमेल गं. पण त्या ताटाबद्दलचं माझं मत आधी ऐकून घे, मग ठरव.

हा ‘सर्फ अँड टर्फ’ अमेरिकेचा. १९६० च्या दशकात तिथल्या स्टेकच्या हॉटेलांमधून तो फोफावला. यादीतलं महागातलं मांस आणि समुद्रातलंही महागातलंच काहीतरी, दोन्ही एका ताटात. बढती मिळाली, लग्नाचा वाढदिवस आला की लोक तो मागवतात. पण शिजताना ही दोघं एकमेकांना भेटतच नाहीत. मांस एका तव्यावर, शेवंड दुसऱ्या भांड्यात, आणि गाठ पडते ती थेट ताटात. खाणारा एक घास इकडचा घेतो, एक तिकडचा. दोन्ही उत्तम असतील, पण एकामुळे दुसऱ्याची चव वाढली असं काही होत नाही. एकाच मांडवात दोन परक्या घरांची लग्नं लागावीत, तसं मला ते वाटतं.

मी जिथे राहते त्या कॅटलोनियात समुद्र आणि जमीन एकाच भांड्यात शिजवायची जुनी रीत आहे. ‘मार इ मुंतान्या’ म्हणतात तिला, म्हणजे समुद्र आणि डोंगर. बार्सिलोनाच्या उत्तरेला, फ्रान्सच्या सरहद्दीकडे एम्पुर्दा नावाचा मुलूख आहे. तिथे पिरेनीज पर्वत उतरत उतरत भूमध्य समुद्रापाशी येतो, मध्ये शेतं, ऑलिव्हची झाडं, आणि त्रामुंताना नावाचा उत्तरेचा सोसाट्याचा वारा. शेतकऱ्याचं घर आणि मच्छीमाराचं घर यांच्यात फारसं अंतर नाही. सह्याद्री आणि दर्या यांच्यामध्ये चिंचोळी पट्टी असलेला आपला सिंधुदुर्ग तुला लगेच आठवेल. एम्पुर्दातल्या बायकांनी कोंबडी आणि शेवंड एकत्र शिजवली, सशात कोळंबी घातली, खिम्याचे गोळे माकुलाबरोबर रटरटवले, डुकराच्या पायांतसुद्धा कोळंबी घातली. आज उलटं वाटतं, पण या पदार्थात भाव होता तो कोंबडीला. ती गावच्या जत्रेला, मोठ्या सणाला कापायची. कवचातलं काहीबाही दर्याकाठच्या घरात जाळ्यातून येतच असे. पालाफ्रुजेल गावचा जुझेप प्ला हा कॅटलान भाषेतला मोठा लेखक (१८९७–१९८१). त्याने १९७२ मध्ये आपल्या माणसांच्या खाण्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. एवढ्या मानाने स्वयंपाकघराकडे पाहणारा मुलूख मला आवडणार नाही तर काय!

तर तुझ्या लेकीसाठी मी सुचवते ती कोंबडी आणि एस्कामार्ला. एस्कामार्ला हा कोळंबीपेक्षा मोठा, लांब सडपातळ नांग्यांचा प्राणी; कच्चा असतानाच गुलाबी-नारिंगी असतो. आपल्या किनाऱ्यावर तो नाही. तू मोठी सुंगटं घे, किंवा खरंच हौस असेल तर शेवंड उभी चिरून घे. सुंगटांची डोकी मात्र काढून टाकायची नाहीत. अर्धी चव तिथे आहे.

चार-पाच माणसांना सव्वा ते दीड किलोची एक कोंबडी, हाडांसकट, मोठे तुकडे करून. मीठ-मिरपूड लावून तासभर ठेव आणि तळण्याआधी कापडाने नीट पुसून कोरडे कर, नाहीतर रंग येत नाही, नुसती वाफ निघते. इथे हे सगळं पसरट मातीच्या भांड्यात करतात. ला बिसबाल नावाचं कुंभारांचं गाव एम्पुर्दातच आहे, तिथली भांडी प्रसिद्ध. तुझ्याकडे जाड बुडाचं पसरट पातेलं आहेच. त्यात ऑलिव्हचं तेल, नसेल तर शेंगदाण्याचं, आणि सुंगटं आधी टाक. दोन्ही बाजू जेमतेम मिनिटभर. डोकी उलथन्याने जराशी दाब म्हणजे आतला रस तेलात उतरेल आणि तेल केशरी होईल. सुंगटं काढून झाकून ठेव. त्याच तेलात कोंबडीचे तुकडे छान तांबूस होईपर्यंत परत आणि तेही काढ.

आता खरं काम. दोन मोठे कांदे अगदी बारीक चिरून त्याच तेलात, मंद आचेवर. याला सुफ्रेजित म्हणतात आणि कॅटलान घरात घाई खपत नाही ती इथे. कांदा पाऊण तास घेईल, तासही घेईल. आधी तो पाणी सोडतो, मग पारदर्शक होतो, मग सोनेरी, मग मुरंब्यासारखा दाट आणि गडद. करपायला लागला तर पाण्याचा हबका मार. मग तीन-चार पिकलेले टोमॅटो. इथे टोमॅटो आडवा कापतात आणि किसणीवर किसतात. गर खाली पडतो, साल हातात उरते. फार सोपी युक्ती आहे, एरवीच्या रस्सा-आमटीलाही वापरून बघ. टोमॅटोचं पाणी पूर्ण आटून तेल सुटलं की थोडी ब्रँडी आणि कोंबडीच्या मानेचं, पंखांचं काढलेलं पाणी, साधारण ३०० मिली. ब्रँडी नको असेल तर सोडून दे, काही अडत नाही. फेणी मात्र घालू नकोस, काजूचा वास सगळ्यावर चढेल.

कोंबडी परत पातेल्यात. झाकण तिरकं, आच मंद. ब्रॉयलर असेल तर ३५ ते ४० मिनिटं; गावठी कोंबडा असेल तर त्याचा वेळ त्यालाच विचारायचा, दीड तासही लागेल, पण चव त्याचीच.

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र एवढं लांबलं ती गोष्ट. शेवटच्या दहा मिनिटांत त्यात वाटप घालतात! हो, आपलंच म्हणावं असं वाटप. इथे त्याला पिकादा म्हणतात. १२-१५ भाजलेले बदाम, थोडे हेझलनट, लसणीच्या दोन पाकळ्या, तेलात तळलेला पावाचा एक तुकडा, पार्सली, चिमूटभर केशर, आणि सुपारीएवढा कडू चॉकलेटचा खडा. काहीजणी कोंबडीचं काळीजही परतून त्यात घालतात. हे सगळं दगडी खलात कुटून, रश्शाच्याच दोन डावांनी सैल करून पातेल्यात ओतायचं. वरच्या मजल्यावरच्या आजी एम्पुर्दातल्या, त्यांच्या ओट्यावर खलाची जागा ठरलेली आहे आणि तिथे दुसरं काही ठेवलेलं त्यांना चालत नाही. त्या कुटायला लागल्या की तुझ्या आईच्या पाट्या-वरवंट्याचा आवाज माझ्या कानात घुमतो. शिजण्याच्या अखेरीला वाटप घालून रश्शाला अंग द्यायचं, ही समज दोन्हीकडच्या बायकांच्या हातात आहे. तुझ्याकडे ते काम भाजलेलं खोबरं करतं, इथे बदाम आणि तळलेला पाव करतात.

आणि हे फार जुनं आहे बरं. कॅटलान भाषेतला सर्वांत जुना ज्ञात पाककृतिसंग्रह, ‘सेंत सुवी’, १३२४ सालचा मानतात, लेखकाचं नाव माहीत नाही. त्यातसुद्धा बदाम वाटून, बदामाचं दूध काढून पदार्थ दाट केलेले आहेत. टोमॅटो आणि चॉकलेट अर्थातच तेव्हा नव्हते. ते अमेरिका खंडातून नंतर आले, जशी मिरची आणि काजू पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागले. काजूशिवायचा मालवण-वेंगुर्ला आज कोणाला सुचेल का? इथे टोमॅटोशिवाय सुफ्रेजितची कल्पना कोणाला करवत नाही.

चॉकलेटला बिचकू नकोस. गोडपणा येत नाही. रस्सा गडद होतो आणि तळाशी एक मंद कडसरपणा राहतो. दहा ग्रॅमच्या वर जाऊ नकोस मात्र.

पिकादा पडली की पाच मिनिटांनी सुंगटं परत आत, आणि त्यांना आणखी तीन-चार मिनिटं बस्स. इथेच ह्या पदार्थाची सगळी अक्कल आहे. कोंबडीच्या तंगडीतले चिवट धागे विरघळायला बराच वेळ मुरत शिजावं लागतं. सुंगटाचं मांस साधारण ६० अंशांतच तयार होतं आणि त्यापुढे रबर व्हायला लागतं. एका भांड्यात दोन घड्याळं चालू असतात. म्हणून सुंगटं आधी येऊन आपला रस ठेवून जातात आणि अगदी शेवटी परत येतात.

चव एवढी का वाढते याचं कारणही सापडलेलं आहे. १९०८ मध्ये इकेदा नावाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि उमामी ही स्वतंत्र चव असल्याचं मांडलं. पिकलेल्या आणि आटवलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असतं. कोंबडीच्या मांसात इनोसिनेट नावाचा दुसरा घटक असतो. आणि हे दोन एकत्र आले की जिभेला जाणवणारी चव त्यांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त होते. वर सुंगटांचा स्वतःचा गोडवा. त्या गोव्याच्या ताटात हे होऊच शकत नाही, कारण तिथे या सगळ्यांनी एकमेकांत मुरायचं असतं ते पातेलंच नाही. तुझ्या लेकीला हे नक्की सांग, ती विज्ञानाची पोर आहे, तिला पटेल.

बाजाराबद्दल तू नेहमी विचारतेस म्हणून लिहिते. इथल्या बोटी शनिवार-रविवारी समुद्रात जात नाहीत, म्हणून सोमवारी ताजी मासळी मिळत नाही आणि कितीतरी मासळीवाल्या दुकानच उघडत नाहीत. एम्पुर्दातल्या पालामोस बंदरात बोटी दुपारनंतर परततात आणि लगेच लिलाव होतो. तिथली खोल पाण्यातली लालभडक कोळंबी इतकी नावाजलेली की हिवाळ्यात सुमारे दोन महिने तिची मासेमारी बंद ठेवतात, आपल्याकडे जून-जुलैत होड्या वर ओढतात तशी. पण लिलाव पाहिलास तर चक्रावशील. हर्णैला संध्याकाळी वाळूवर भाव चढत जातो; पालामोसला भाव वरून खाली उतरत येतो आणि ज्याला हवं तो मध्येच बटण दाबून थांबवतो. क्षणभर उशीर केला तर माल दुसऱ्याचा, घाई केली तर जास्त पैसे गेले. बघणाऱ्याचाही श्वास अडकतो.

आता तुझ्या स्वयंपाकघरापुरतं. हेझलनट शोधत फिरू नकोस, काजू घाल, ते तुझ्या परसातले आहेत आणि या रश्शात शोभतील. पार्सलीऐवजी कोथिंबीर अगदी थोडी, देठांसकट. खोबरं नको, आमसूलही नको. आंबटपणा टोमॅटोचा पुरतो आणि खोबरं आलं की ते मालवणी होऊन जाईल. ते उत्तमच असतं, पण ते तू मला जन्मभर खायला घातलंयस, ह्या वेळी हे कर. मालवणी मसालाही डब्यातच राहू दे. सासूबाईंना फिकं वाटेल ही तुझी भीती मला इथून दिसते. त्यांच्यासाठी सुक्या मिरचीचे दोन तुकडे तेलात तळून वेगळे दे.

सोबत काय, हा प्रश्न उरतो. इथे पाव लागतो, जाड सालीचा, रस्सा पुसून खायला. वडे नको, त्यांची मेथी-धण्याची चव पुढे येईल. साधे घावणे चालतील, पातळ, जाळीदार. मला वाटतं तेच सर्वांत चांगले लागतील, कारण जाळीत हा रस्सा धरून राहील. भातही चालेल, पण मग रस्सा थोडा सैल ठेव.

एक गोष्ट वाढदिवसाच्या दृष्टीने फार सोयीची आहे. कोंबडी सुफ्रेजितमध्ये शिजवून आदल्या दिवशीच तयार करून फ्रिजमध्ये ठेवता येते, मुरून ती आणखी चांगली लागते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नीट उकळी आणून गरम कर, वाटप ताजं कुटून घाल आणि मग सुंगटं. फक्त तसं करायचं ठरवलंस तर सुंगटं आदल्या दिवशी परतून ठेवू नकोस. ती त्याच दिवशी सकाळी बंदरावरून आण, आणि ऐन वेळी वेगळ्या तव्यावर परतून तव्यातलं केशरी तेल खरवडून पातेल्यात घे. डोक्यांचा रस त्या मार्गाने आत गेलाच पाहिजे.

पाहुणे किती आहेत ते कळव, म्हणजे मापं वाढवून लिहून पाठवते. कांदा दुप्पट केला की वेळ दुप्पट लागत नाही पण पातेलं मोठं लागतं, हे लक्षात ठेव. सासूबाईंना माझा नमस्कार, लेकीला वाढदिवसाचा आशीर्वाद. आणि चॉकलेटचं त्यांना जेवणं झाल्यावरच सांग.

तुझीच,
मी