वीकेंडला माकणी? हो, माकणीच!

वीकेंड म्हटलं की पुण्याच्या गाड्या ठरलेल्या दिशेने सुटतात. लोणावळा, महाबळेश्वर, फार तर कोकण. पूर्वेला तोंड करून कोण जातं हो? तुळजापूरचं दर्शन सोडलं तर धाराशिव जिल्हा आपल्या ट्रिपच्या यादीत नसतोच. मीही गेले नसते. पण माझी मावसबहीण स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. करतेय आणि प्रोजेक्टचा विषय ठरवायला तिच्याकडे जेमतेम पंधरा दिवस उरले होते. पर्याय दोन. एक, चाळीस मजली टॉवरचं सॉफ्टवेअरवर अ‍ॅनालिसिस. एसीत बसून काम आणि प्लेसमेंटला सॉलिड वजन. दुसरा, दगड-मातीच्या घरांचं मजबुतीकरण. ‘दुसरा घेतला तर मला नोकरी कोण देणार?’ हे तिचं टेन्शन. म्हटलं, आधी ती घरं बघून तर येऊ!

पुणे-सोलापूर अडीचशे किलोमीटर, पुढे हैदराबादचा रस्ता. नळदुर्गला थांबाच. बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल आदिलशाही काळातला. नदी भरली की पाणी वरून कोसळतं आणि आत माणूस कोरडा! बहिणीने तिथेच अर्धा तास घेतला. नळदुर्गच्या पुढे हायवे सोडून लोहाऱ्याकडे वळलं की ट्रॅफिक संपतं. काळीभोर जमीन, तूर, सोयाबीन, मध्येच ऊस. आणि मग अचानक समोर पाणी.

माकणीची ओळख म्हणजे तेरणा नदीवरचं हे धरण, निम्न तेरणा प्रकल्प. मातीची लांबच लांब भिंत, तिच्यावर दगडांचं अस्तर. संध्याकाळी इथे वारा असा सुटतो की बोलणंच थांबतं. बोटिंग नाही, मक्याचं कणीस विकणारा नाही, सेल्फी पॉइंट नाही. म्हणूनच मस्त!

पण या पाण्याबद्दल एक प्रश्न इथे तीस वर्षं विचारला गेलाय. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून गावं गाढ झोपली होती. 6.2 तीव्रतेच्या भूकंपाने माकणीच्या शेजारचं सास्तूर आणि तेरणेपलीकडचं किल्लारी होत्याचं नव्हतं केलं. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास, काही आंतरराष्ट्रीय नोंदींत साडेनऊ हजारांच्या वर. धरणाच्या पाण्यामुळे हे झालं का? 1967 च्या कोयना भूकंपाचा धरणाशी संबंध जोडला जातो, तसा इथेही जोडून पाहिला गेला. तज्ज्ञांचं एकमत नाही. जमिनीत साचत आलेल्या ताणाकडेच बहुतेक जण बोट दाखवतात. 1992 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किल्लारीला छोटे धक्के बसत होते, हे मात्र नोंदीत आहे. मग ते थांबले. लोक पुन्हा घरात झोपायला लागले.

घरं कशी होती, हे कळायला म्युझियममध्ये जावं लागत नाही. आसपासच्या गावांत जुनी माळवदाची घरं अजून भेटतात. लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर फळ्या आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्याआधी त्यात नवी भर. बेचाळीस डिग्रीतही आत गारवा! आम्ही भरदुपारी एका माळवदाखाली बसलो होतो, पंख्याची आठवणही आली नाही.

बहिणीने मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढला. दहा बाय दहाची खोली, दीड-पावणेदोन फुटांचा मातीचा थर. ‘साधारण आठ टन,’ ती म्हणाली. याच खोलीवर पाच इंचांचा सिमेंटचा स्लॅब टाकला तर तीन टनही भरत नाही. म्हणजे डोक्यावर भरलेला ट्रक उभा! आणि जमीन हलते तेव्हा घरावर येणारा आडवा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो. जितकं जड, तितका मोठा धक्का. फंडा एवढाच.

मग मला वाटलं, छप्परच कोसळलं असणार. पण त्या घरातल्या आजींनी एका वाक्यात चित्र पालटलं. ‘घर न्हाई पडलं बाई, भिताडं पडली. खांब उभेच व्हते.’

बहीण उडालीच. पाठ्यपुस्तकातला अख्खा धडा हा! छताचा भार बऱ्याच घरांत लाकडी सांगाडा पेलत होता, आणि लाकूड लवतं. अनेक ठिकाणी सांगाडा तगलाही. दगा दिला तो भिंतींनी. दोन-अडीच फूट, कुठे त्याहूनही जाड, दिसायला किल्ल्यासारख्या. पण भिंत एक नसतेच. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये माती-गोट्यांची भर. दोन्ही थरांना शिवणारा आरपार दगड नाही, कोपऱ्यात सांधा नाही, दारा-खिडक्यांवरून चौफेर फिरणारा पट्टा नाही. हादऱ्याने थर सुटले, फुगले आणि झोपलेल्यांवर आले. ज्या जाडीवर लोकांचा विश्वास होता, तिचंच वजन अंगावर पडलं.

यावर उपाय महागडा नव्हता, हे मला जास्त लागलं. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घाला, दारावरच्या उंचीला सळईचा पट्टा फिरवा, माळवदाची माती निम्म्याहून कमी करा, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके टेकू द्या. भूकंपात टिकणाऱ्या बांधकामाची भारतीय मानकं 1967 पासून छापलेली होती. रुडकीला भूकंप अभियांत्रिकीचा खास विभाग 1960 पासून होता. ज्ञान होतं, ते गवंड्यापर्यंत पोचलं नाही. आणि कागदोपत्री कारणही तयार होतं, कारण तेव्हाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता! 2002 च्या नकाशात तो झोन तीनमध्ये गेला. त्याच नकाशात पुणे आणि मुंबईही झोन तीनमध्येच आहेत, बरं का. बाणेरचा फ्लॅट बुक करताना हे ब्रोशरमध्ये कुठे वाचलंत?

सास्तूरसारखी 52 गावं जागतिक बँकेच्या मदतीने आणि संस्थांच्या हातभाराने नव्या जागी वसवली गेली. सास्तूरमधून गाडी फिरवा. सरळ रस्ते, सारखी घरं, भरपूर अंतर. नकाशावर झकास, पण जुन्या गावाची बोळ आणि ओसरी त्यात मावलेली नाही. लोकांनी मग आपल्या परीने पुढे खोली काढली, मागे गोठा, बाजूला पत्र्याची शेड. दगडाचा धसका इतका की सिमेंट म्हणजे सुरक्षित, हे समीकरण घट्ट झालं. ते खोटं आहे. 26 जानेवारी 2001 ला भूजच्या भूकंपात अहमदाबादेत कोसळल्या त्या सिमेंटच्याच इमारती. त्यातल्या कितीतरी खाली नुसत्या खांबांवर पार्किंग ठेवून उभ्या केलेल्या होत्या. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगकडे या नजरेने पाहिलंय कधी?

परतीच्या वाटेवर गप्पा आगीवर गेल्या, कारण बहिणीची रूममेट नागपूरची. तिथल्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात फायर इंजिनिअरिंगची पदवी घेता येते, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? माझ्या लेखी दोन्ही विषय सख्खे भाऊ. भूकंप तुम्हाला काही सेकंद देतो, आग काही मिनिटं, आणि इमारतीने तेवढा वेळ तग धरायचा. शिवाय बाहेर पडायला वाट हवी. माळवदाच्या घराला बहुतेकदा एकच दार, खिडक्या नावापुरत्या. आपल्या टॉवरला दोन जिने असतात, पण एकात कुंड्या, सायकली आणि कुणाचा तरी जुना सोफा! महाराष्ट्रात 2006 चा अग्निसुरक्षा कायदा आहे. त्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं, त्याला फॉर्म ‘बी’ म्हणतात. पुढच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींना विचारून बघा, चेहरा बघण्यासारखा होईल.

जाणार असाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. मुक्काम सोलापूर किंवा उमरग्याला ठेवा. स्वतःची गाडी असेल तर माकणी, सास्तूर, किल्लारी एका दिवसात आरामात होतं. किल्लारीच्या स्मृतिस्तंभाजवळ मोठ्याने गाणी लावू नका, एवढं सांगायला नकोच. जेवायला ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, नशीब असेल तर हुलग्याची शेंगोळी. मटण खाणाऱ्यांनी उस्मानाबादी शेळीचं नाव लक्षात ठेवावं.

आणि हो, ज्यांना या विषयात डोकावायचंय पण गणिताची धास्ती आहे, त्यांच्यासाठी आयआयटी कानपूरच्या भूकंप अभियांत्रिकी केंद्राने सोप्या, सचित्र टिपा फुकट दिल्यात. मी त्या सोलापूर ते इंदापूर वाचून काढल्या. शेजारच्या सीटवर बहीण गाइडना मेसेज टाइप करत होती. टॉवर रद्द, आरपार दगड. प्लेसमेंटचं काय, असं मी विचारलं तर म्हणाली, ‘ते बघू. मे महिन्यात परत यायचंय, भिंती मोजायला. गाडी तूच चालव.’