कृमी उचलण्याची कला

प्लॅटिनमची बारीक तार, टोक ठोकून चपटं केलेलं, आणि धरायला काचेची नळी. सी. एलिगन्स या कृमीवर काम करणाऱ्याचं हे हत्यार. ज्याचं त्यानं बनवावं, म्हणजे हाताला बसतं. प्लॅटिनमच का? ज्योतीत धरली की तार क्षणात लाल होते, निर्जंतुक होते आणि तितक्याच लवकर निवते.

टोकावर थोडे जिवाणू घ्यायचे. ई. कोलायचा ओपी-५० हा वाण कृमींचं खाणं आहे आणि आमचा डिंकही. सूक्ष्मदर्शकातून बघत हव्या त्या कृमीवर टोक अलगद टेकवायचं, तो चिकटून वर येतो. तार जरा दाबली गेली की प्लेटमधल्या अगारच्या जेलीला भोक पडतं, मग कृमी त्यात शिरतात आणि हाती लागत नाहीत. ऐन वयात यायच्या आधीचा कृमी हवा असेल, तर पोटाच्या मधोमध फिकट चंद्रकोर शोधायची. पुढे अंडी घालण्याची वाट तिथेच उघडते.

हा पोटातला जंत नव्हे. जेमतेम १ मिलिमीटरचा, कुजणाऱ्या फळापाल्यात राहणारा निरुपद्रवी जीव. सिडनी ब्रेनर यांनी १९६३ मध्ये केंब्रिजला त्याची निवड केली, ती फार विचारपूर्वक. २० अंश सेल्सिअसला साधारण तीन दिवसांत पिढी होते. बहुतेक कृमी उभयलिंगी, स्वतःच फलन करून सुमारे ३०० पिल्लं देणारे, म्हणून एकदा सापडलेला बदल पुढच्या पिढ्यांत आपोआप टिकतो. अधूनमधून नर निघतात, त्यामुळे संकरही करता येतो. उणे ८० अंशांत गोठवून ठेवलेले कृमी वर्षांनंतर वितळवले तरी वळवळू लागतात. जगभरच्या प्रयोगशाळांतला मूळ वाण, एन-२, ब्रिस्टलजवळच्या अळिंबीच्या खतातून आलेला आहे.

पण मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो तो पारदर्शकपणा. आरपार दिसतं. म्हणूनच जॉन सल्स्टन भ्रूणातली एकेक पेशी विभागताना पाहू शकले. दीड वर्ष, रोज चार-चार तासांच्या दोन बैठका, डोळा भिंगाला आणि हातात पेन्सिल. सहकाऱ्यांसह त्यांनी १९८३ मध्ये ही वंशावळ पूर्ण छापली. प्रौढ उभयलिंगी कृमीत ९५९ शरीरपेशी, त्यांतल्या ३०२ चेतापेशी. आणि वाढीच्या वाटेवर ठरलेल्या वेळी मरणाऱ्या १३१ पेशी, दर कृमीत त्याच. रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी या मरणामागची जनुकं शोधली. त्यांची भावंडं माणसातही आहेत आणि कर्करोगाशी त्यांचा थेट संबंध आहे. २००२ चं नोबेल ब्रेनर, सल्स्टन आणि हॉर्विट्झ या तिघांना मिळालं. मला मात्र त्या नोबेलपेक्षा त्या चार-चार तासांच्या बैठका अधिक मोठ्या वाटतात.

आणखी एक साधन सांगतो : भुवईचा केस. काडीच्या टोकाला चिकटवायचा आणि कृमीच्या डोक्याजवळ हलकेच फिरवायचा. कृमी मागे सरतो. शेपटीकडे फिरवला तर पुढे पळतो. काही कृमी मात्र ढिम्म राहतात. हा मऊ स्पर्श फक्त सहा चेतापेशींना कळतो. मार्टिन चाल्फी यांनी अशाच बधिर कृमींवरून स्पर्शाची जनुकं हुडकली आणि १९९४ मध्ये जेलीफिशचं हिरवं प्रथिन घालून याच पेशी जिवंत कृमीत उजळवून दाखवल्या. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा कृमीच्या चेतापेशींत मालाची ने-आण कशी चालते ते जिवंत प्राण्यातच पाहते.

चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्ये छापून आला. तरीही चालता चालता हा कृमी आत्ता का वळला, हे नुसत्या नकाशावरून सांगता येत नाही. त्यासाठी प्राणीच पाहावा लागतो.

आता कॅमेरे कृमींच्या मागे फिरतात, संगणक त्यांची वळणं मोजतो. हे सगळं हवंच. पण या कामाला नव्यानं येणाऱ्यांना माझी विनंती आहे : आधी प्लेटसमोर बसा. जिवाणूंच्या थरावर धडधाकट कृमी नागमोडी रेघ कशी ओढत जातो, ते डोळ्यांत मुरू द्या. मग अडखळणारा, वेटोळं घालणारा, आखूड राहिलेला कृमी शेकडोंतूनही आपोआप नजरेत भरेल. ब्रेनर यांनी १९७४ मध्ये जाहीर केलेले कितीतरी उत्परिवर्तित कृमी असेच, त्यांची चाल आणि चण पाहून निवडलेले आहेत.